न वाचता दिलेली संमती

दुसऱ्याच्या कृत्याला दिलेल्या संमतीचा भार संमती देणाऱ्यावर किती, हा भारतीय नीतिविचारातला जुना प्रश्न आहे. पातंजल योगसूत्रांच्या साधनपादात हिंसादी दोष कृत, कारित आणि अनुमोदित असे तिन्ही प्रकारचे मानले आहेत आणि लोभ, क्रोध, मोह ही त्यांची मुळे सांगितली आहेत. जैन तत्त्वार्थसूत्रात आस्रवाच्या, म्हणजे जीवाकडे कर्म वाहत येण्याच्या, जीवाशी निगडित 108 भेदांची मोजणी करताना अनुमतीही धरली आहे. तिथे हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, येतो. लक्ष नव्हते ही सबब या परंपरेत टिकत नाही.

घरच्या संगणकावर हा प्रश्न परवानगीच्या चौकटीतून समोर येतो. 2007 साली सर्वांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून, एखाद्या प्रोग्रॅमला यंत्रणेत बदल करायचा असला की पडदा अंधारतो आणि होय-नाही विचारले जाते. तो अंधार शोभेसाठी नाही. दुसऱ्या प्रोग्रॅमने माणसाच्या वतीने परस्पर ‘होय’ दाबू नये म्हणून चौकट वेगळी काढलेली असते. संमती माणसाचीच असावी, एवढी काळजी यंत्र घेते. ती विचारपूर्वक असेल याची हमी यंत्राला देता येत नाही.

चिखली किंवा मेहकरच्या एखाद्या घरात एकाच संगणकावर मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, वडिलांचा पीकविमा आणि धाकट्याचे फुकट उतरवलेले खेळ चालतात. खाते बहुधा एकच आणि तेही ॲडमिनचे, कारण विंडोज बसवताना तयार होणारे पहिले खाते त्याच अधिकाराचे असते. प्रिंटरसाठी विचारणा, डिजिटल सहीसाठी विचारणा, खेळासाठीही तीच. हाताला ‘होय’ची सवय लागते आणि शेवटी कटकट नको म्हणून चौकटच बंद केली जाते.

2009 च्या विंडोज 7 पासून विचारणा कमी-जास्त करण्यासाठी चार पायऱ्या आहेत. सर्वांत खालची निवडली की ॲडमिनच्या खात्यात विचारणाच होत नाही. पुढे येणाऱ्या, अजून ठाऊकही नसलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला ते आगाऊ अनुमोदन ठरते. इथे अज्ञानाची सबब आणखी दुबळी आहे, कारण ते अज्ञान स्वतः पत्करलेले असते. मात्र सर्वांत वरची पायरी आपोआप अधिक नैतिक होत नाही. प्रत्येक बारीक बदलाला विचारणा झाली की लक्ष शिणते, आणि शिणलेले ‘होय’ हाही प्रमादच.

म्हणून प्रश्न बंद करण्यापेक्षा निरर्थक प्रश्न कमी करणे योग्य. चौकट मूळ पायरीवर ठेवावी, रोजच्या वापरासाठी प्रत्येकाला साधे खाते द्यावे. मग मुलाला खेळ बसवायचा असला तर मोठ्यांचा पासवर्ड लागतो आणि संमती कोणाची हे स्पष्ट राहते. तो पासवर्ड घरभर झाला की सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते. तो घरातल्या एकाच जाणत्या व्यक्तीकडे असावा आणि तिने ‘होय’ दाबण्यापूर्वी प्रोग्रॅमचे व प्रकाशकाचे नाव वाचावे. प्रकाशक अज्ञात असेल आणि प्रोग्रॅम कुठून आला हे सांगता येत नसेल, तर ‘नाही’ म्हणावे.