आत्यांची सही




गेल्या गुरुवारच्या वाचनानंतर गटावर एक प्रश्न आला होता. वडिलोपार्जित घर विकायला काढलं आणि आपण आपला वाटा मागितला, तर तो मोह झाला का? बऱ्याच जणांनी लिहिलं, ‘सोडून द्यावं, सोबत काय न्यायचंय?’ आम्ही दोघी जावा मात्र गप्प राहिलो, कारण आमच्याच घरी तेव्हा हे चाललं होतं. घरातल्यांना विचारून आज लिहीत आहोत.

घर पणजीचं. मळ्यातल्या मारुतीच्या बाजूनं फोंताईन्हासला उतरताना लागतं. १८४३ साली राजधानी पणजीला आली, त्याच्या आगेमागे इथली वस्ती दाट होत गेली. आमचं घर आजेसासऱ्यांनी घेतलेलं. वर माडी, रस्त्यावर झुकलेला लोखंडी कठड्याचा सज्जा, मागे विहीर. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या होत्या, त्यातल्या दोनच उरल्या आहेत. पोर्तुगीज काळात पावसाळा सरला की दर वर्षी घराला रंग काढावा लागे, असं जुनी माणसं सांगतात. आम्हाला ते परवडलं नाही, पण तीन-चार वर्षांनी एकदा तरी काढत आलो. लग्न होऊन आलो तेव्हा सासरेच म्हणायचे, ‘ह्या ओलीत कोण राहणार? सगळे पर्वरीला निघाले.’ आता तीच गल्ली श्रीमंतांची झाली आहे. शेजारी खोल्या भाड्यानं देतात, पर्यटक आमच्या पायरीवर बसून फोटो काढून घेतात, आणि भाजी घेऊन आलो की ‘जरा बाजूला व्हा’ म्हणतात. (आम्हालाच!)

गिऱ्हाईक दिल्लीचं आलं. आकडा ऐकून सासूबाईंनी दोनदा विचारलं, ‘किती म्हणालास?’ जुन्या वस्तीच्या भागात बाहेरून मनासारखी मोडतोड करता येत नाही, हे त्यांना आम्ही आधीच सांगितलं. माडीच्या एका वाशाला वाळवी आहे तेही दाखवलं. ते सांगावं की नाही यावर घरात दोन दिवस गेले, पण शेवटी दाखवलं.

खरी अडचण सह्यांची. गोव्याबाहेरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा चालतो. वारशाचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आहे, तो २०१६ पासून लागू झाला. मुलगा-मुलगी समान वारस. आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक. म्हणजे वाटणी न झालेलं घर विकायचं तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि त्यांच्या नवऱ्यांच्या-बायकांच्याही. आमच्याकडे एकूण अकरा सह्या झाल्या. त्यात आम्हा दोघी सुनांच्या दोन. आमची सही लागते हे घरातल्या पुरुषांना ठाऊक होतं, पण ‘इथे सही कर’ याच्या पलीकडे आम्हाला कोणी काही विचारलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

आत्या म्हणजे सासऱ्यांची धाकटी बहीण. वय ८१, वडोदऱ्याला असतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरी सगळ्यांनी ठरवलं की आत्या नामस्मरणात रमलेल्या, त्यांना काय करायचंय, त्या सोडूनच देतील. त्यागाचा कागद तयार झाला आणि फोन करायचं काम आमच्याकडे आलं. गोड बोलायचं काम बायकांचं. आम्ही म्हटलं, ‘आत्या, तुम्हाला आता ह्या मायेत कशाला गुंतायचंय? तुम्ही तर कधीच सगळं सोडलंय.’

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, ‘अगो, सोडीन ना. पण माझ्या हातात काय आहे ते आधी सांगा. किती ते माहीत नसताना सोडलं, तर ते सोडलं मी की घेतलं तुम्ही?’ आणि लगेच, ‘खाली तो शिंपी आहे ना अजून? त्याला काय देताय?’

फोन ठेवला आणि दोघी स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या राहिलो. आमच्यातल्या एकीच्या बेळगावच्या माहेरी वीस वर्षांपूर्वी हक्कसोडपत्र झालं होतं. भावानं कागद पुढे केला, सही झाली, वहिनीनं खणा-नारळानं ओटी भरली. आकडा त्यानं सांगितला नाही, तिनं विचारला नाही. इतकी वर्षं आम्ही त्याला त्याग म्हणत आलो. पण त्या दिवशी मनात होता तो संकोच. विचारलं तर माहेर तुटेल, ही भीती. आणि तोच संकोच आता आम्ही आत्यांकडून काढून घ्यायला निघालो होतो, तोही सत्संगाची भाषा वापरून. वैराग्यावरची वाक्यं आम्हाला पाठ आहेत. पण ती दोघींपैकी एकीनंही कधी आपल्या नवऱ्याला म्हणून दाखवली नव्हती.

रात्री हे मांडलं तेव्हा घरात आवाज चढले. मोठे भाऊजी म्हणाले, ‘चाळीस वर्षं घरपट्टी कोणी भरली? कौलं कोणी बदलली? आईचं आजारपण कोणी काढलं?’ हे खोटं नाही. आत्या पावसाळ्यात बादल्या लावायला आल्या नव्हत्या. पण याचं उत्तर हिशोब आहे, गोड बोलणं नव्हे. खर्च लिहा, पावत्या जोडा, आधी वजा करा, मग उरलेल्याचे वाटे सांगा. तीन रविवार त्यात गेले. आजारपणाचा मात्र खर्च लावायचा नाही असं सासूबाईंनीच सांगितलं, आणि तिथे सगळे गप्प झाले. शिंप्याला दुसरीकडे गाळा मिळेपर्यंतची रक्कम किमतीतूनच बाजूला काढली.

मग आत्यांना आकडा कळवला. आता पुढचं लिहायला थोडी लाज वाटते. आम्हाला वाटलं होतं, एवढा मान दिल्यावर त्या भरल्या गळ्यानं ‘मला काही नको’ म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘बरं. माझ्या वाट्याचं माझ्या खात्यात पाठवा.’ एवढंच. नातवाच्या फीचं काय ते त्या बघणार होत्या, की छप्पर करणार होत्या, ते सांगितलं नाही. आम्ही विचारावं असंही काही नव्हतं. तरी आम्ही दोन दिवस रुसलो! ‘म्हातारीला सुटत नाही’ असं एकीच्या तोंडून निघूनही गेलं. मग दुसरीनं विचारलं, ‘आणि आपल्याला सुटलं होतं?’

आत्यांचं मुखत्यारपत्र गेल्या आठवड्यात वडोदऱ्याहून आलं. आता आमच्या दोन सह्या तेवढ्या राहिल्या आहेत. सही करण्याआधी कागद वाचायला मागितला, तेव्हा नवरे आणि वकील एकमेकांकडे बघत राहिले, पण दिला. दुपारी जेवणं उरकली की सज्जात बसतो. एक मोठ्यानं वाचते, दुसरी अडलेले शब्द वहीत लिहून घेते. सतराव्या पानावर आलो आहोत.