मोजणी

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबात बाई अर्धा कोयता. उचल लिहिली जाते, टन लिहिले जातात, खाडे लिहिले जातात. ओटीपोटातली कळ कुणाच्या वहीत नसते.

जे मोजलं नाही ते दुखत नाही, असं कारभार धरून चालतो.

‘पिशवी काढली’ हे शब्द इतके सरावाचे झाले होते, की ऐकणारा थबकत नव्हता. 2019 साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दर सहा बायकांमागे एक. हे कळायला कुठलं यंत्र लागलं नाही. विचारावं लागलं.

आकड्यात दुःखाचं वजन मावत नाही. पण आकडा समोर आला की ‘तुझं नशीब’ असं कुणा एकीला सांगता येत नाही.

ही शस्त्रक्रिया करायला खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. अट चांगलीच. पण त्या अटीनं नको ती शस्त्रक्रिया थांबली, की बाई शेजारच्या जिल्ह्यात गेली? अंगावरून जाणं थांबलं? फडाजवळ पाणी आलं, आडोसा आला? उपाय केल्यानंतरचे प्रश्न उपायाइतकेच मोलाचे.

बीड जिल्ह्यातच सहा वर्षांपर्यंतच्या मुली हजार मुलांमागे 2001 साली 894 होत्या, 2011 साली 807. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला म्हणून घसरण दिसली. एकदाच केलेली मोजणी म्हणजे पंचनामा. पुन्हा पुन्हा केलेली म्हणजे राखण.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं 39 गावांत नवजात बाळांना घरीच सांभाळायला गावच्याच बायका तयार केल्या, आणि ती सोय नसलेल्या 47 गावांतलेही बालमृत्यू मोजले. म्हणून बाळं कशानं वाचली, ते छातीठोकपणे सांगता आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते, त्यामागे ती मोजणी आहे.

आपल्याकडेही टोळी निघताना जे विचारायचं, तेच ती परतल्यावर विचारावं. उत्तरांची बेरीज ग्रामसभेत मोठ्यानं वाचावी. आणि ज्यांचं दुखणं त्या बेरजेत आहे, त्या बायांना ती वाचताना पुढं बसवावं.