संशयाची नैतिकता : वादग्रस्त युद्धवार्ता आणि वाचक

युद्धात सामान्य नागरिक मारले गेल्याची बातमी येते. दुसऱ्या दिवशी तिचा इन्कार येतो. तिसऱ्या दिवशी 'परस्परविरोधी दावे' हा शब्दप्रयोग रूढ होतो आणि वाचक वृत्तपत्राची घडी करून ते बाजूला ठेवतो. या घडी करण्याच्या कृतीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. माध्यमांचा पक्षपात हा सामान्यतः समाजशास्त्राचा विषय मानला जातो. तथापि संहिता, निवेदन आणि अर्थनिर्णय या संकल्पना हाताळणाऱ्या समीक्षेलाही तो टाळता येणार नाही. कारण वृत्त वादग्रस्त ठरल्यावर उरतो तो वाचनाचाच प्रश्न. निर्णय स्थगित ठेवणे हे वाचकाचे ताटस्थ्य की त्याची सोय?

१३ फेब्रुवारी १९९१ रोजी पहाटे बगदादच्या अमिरिया उपनगरातील एका निवाऱ्यावर अमेरिकी विमानांनी लेसर-नियंत्रित दोन बॉम्ब टाकले. आत आश्रयाला आलेली चारशेहून अधिक माणसे मेली. त्यांत स्त्रिया आणि मुलेच बहुसंख्य होती. ते लष्करी आदेश-केंद्र होते, असा खुलासा अमेरिकेने केला. आत जाऊन पाहणाऱ्या बीबीसीच्या जेरेमी बोवेन यांना मात्र लष्करी वापराच्या खुणा आढळल्या नाहीत, आणि तसे सांगितल्याबद्दल ब्रिटनमध्ये त्यांच्यावर टीकेची झोड उठली. बगदादहून वार्तांकन करणारे सीएनएनचे पीटर आर्नेट यांनाही त्याच महिन्यात एका अमेरिकी सिनेटरने शत्रूचे सहानुभूतिदार ठरवले होते. बगदादमधील वार्ताहरांवर इराकी सेन्सॉरची देखरेख होती, हे खरेच. परंतु संयुक्त फौजांबरोबरच्या वार्ताहरांवरही 'पूल' पद्धतीचे आणि लष्करी तपासणीचे निर्बंध होते. नियंत्रण दोन्हीकडे असताना संशयाचा भार मात्र एकाच बाजूवर अधिक पडला. इराण-इराक युद्धात ही वास्तू नागरी निवारा म्हणून वापरली जात होती याची अमेरिकी लष्कराला कल्पना होती, ही गोष्ट पुढे मान्य झाली. पण तोवर वाचकांची घडी झालेली होती.

या पक्षपाताचे पहिले स्थान व्याकरण होय. 'आनुषंगिक हानी' या पारिभाषिक शब्दात मरणाराही नाही आणि मारणाराही नाही. आपली वृत्तभाषाही याबाबत निर्दोष नाही. 'बॉम्ब पडले' असे आपण सहज लिहितो, जणू पाऊस पडावा तसे ते पडतात. 'नागरिक मृत्युमुखी पडले' या वाक्यात तर पडण्याची क्रिया मेलेल्यांच्याच माथी बसते. शत्रूच्या कृत्याविषयी लिहिताना मात्र 'कत्तल केली' हे सकर्मक क्रियापद तत्काळ सुचते. येथे कोणी असत्य लिहीत नसतो. वाक्यातील कर्ता कोठे ठेवावयाचा आणि कोठे लोपवावयाचा, एवढाच निर्णय घेतलेला असतो, आणि तो निर्णय नैतिक असतो.

यावरून प्रत्येक वार्तेवर विश्वास ठेवावा, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्याच युद्धाने विरुद्ध उदाहरणही पुरवले आहे. १० ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकी काँग्रेसमधील मानवी हक्कविषयक गटासमोर पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने साक्ष दिली : इराकी सैनिकांनी रुग्णालयातील अर्भके इनक्युबेटरमधून काढून जमिनीवर मरण्यासाठी टाकली. ही कथा युद्धाच्या समर्थनार्थ वारंवार सांगितली गेली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलसारख्या संस्थेनेही ती प्रथम स्वीकारली आणि १९९१ मध्ये मागे घेतली. ही मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या असून साक्षीच्या मांडणीमागे हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क संस्था होती, हे जानेवारी १९९२ मध्ये जाहीर झाले. येथे संशय हे कर्तव्य होते आणि ते बजावले गेले नाही. मात्र ही साक्ष निराधार ठरल्याने व्याप्त कुवेतमधील हत्या आणि छळ निराधार ठरत नाहीत. खोट्या साक्षीचा दुहेरी अपराध असा, की ती एकदा विश्वासाचा गैरवापर करते आणि पुढे खऱ्या पीडितांविषयीही अविश्वास निर्माण करून ठेवते.

याच काळात जाँ बोद्रियार यांनी आखाती युद्ध घडलेच नाही, अशी मांडणी केली. मृत्यू झाले नाहीत, असे त्यांना म्हणावयाचे नव्हते. पूर्वनियोजित आणि एकतर्फी अशा त्या प्रतिमाव्यवहाराला 'युद्ध' म्हणता येईल काय, असा त्यांचा प्रश्न होता. उपग्रह-वाहिनीवरून ही दृश्ये भारतीय शहरांतही पोहोचली होती. त्यामुळे या प्रश्नाची धार आपल्यालाही जाणवावी. परंतु क्रिस्टोफर नॉरिस यांनी १९९२ मध्ये घेतलेला आक्षेप अधिक मूलभूत आहे. सत्यासत्याचा निकषच सोडला, तर अधिकृत खुलासा खोटा आहे असे म्हणण्याचा आधारही आपण गमावतो. सर्वच निवेदने रचित असतात, हे मान्य. पण चुनाविटांचे घरही रचितच असते. ते रचलेले आहे म्हणून त्याच्या छपराला पडलेले भोक काल्पनिक ठरत नाही.

आकड्यांच्या वादात हा घोटाळा विशेष दिसतो. २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मनीच्या काँडर लीजनने इटालियन विमानांच्या साहाय्याने स्पेनमधील गेर्निका हे बास्क नगर उद्ध्वस्त केले. जॉर्ज स्टीअर यांचे वृत्त २८ एप्रिलला 'द टाइम्स'मध्ये आले. फ्रँकोपक्षाने आपली विमाने उडालीच नसल्याचे सांगितले आणि नगर माघार घेणाऱ्यांनीच जाळले, अशी कथा रचली. ती कित्येक दशके टिकली. बास्क सरकारने मृतांचा आकडा १,६५४ दिला होता. पुढील संशोधकांनी तो बराच खाली, काहींनी दीडशे ते तीनशेपर्यंत आणला. ही दुरुस्ती आवश्यकच होती. परंतु मृतांची संख्या वादग्रस्त असणे आणि त्यांचे मारले जाणे वादग्रस्त असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीच्या आडून दुसरी नाकारणे, ही नकारकर्त्यांची जुनी युक्ती आहे.

मग वाचकाने करावे तरी काय? येथे न्यायदर्शनाची परिभाषा उपयोगी पडते. तेथील सोळा पदार्थांत संशयाला स्थान आहे. पण तो परीक्षेचा आरंभ आहे आणि त्याची गती निर्णयाकडे आहे. स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करीत राहणे याला तेथे वितंडा म्हटले आहे. शब्दप्रमाणाच्या संदर्भात वात्स्यायनाने आप्ताचे जे लक्षण सांगितले, तेही महत्त्वाचे आहे : ज्याला वस्तू प्रत्यक्ष ज्ञात आहे आणि जशी ज्ञात आहे तशी ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखेच लागू होते, असे तो आवर्जून नोंदवतो. साक्षीदार कोणाच्या गोटातला आहे, यावर त्याचे प्रामाण्य ठरत नाही.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की जो प्रश्न आपण अमिरियाच्या साक्षीदाराला विचारतो, तोच कुवेतच्या साक्षीदारालाही विचारला पाहिजे : तू तेथे होतास काय? तू पाहिलेस काय? तुझे शब्द कोणी जुळवले? आणि उत्तर मिळाल्यावर, ते आपल्या पक्षाला गैरसोयीचे असले तरी, संशय संपवला पाहिजे. दूरस्थ वाचकाला निवाऱ्यात जाऊन पाहता येत नाही. पण आपला संशय नेमका कोणाच्या मृतांपाशी जागा होतो आणि कोणाच्या मृतांपाशी झोपी जातो, हे त्याला घरबसल्याही तपासता येते. ही तपासणी टाळून केलेल्या ताटस्थ्याला ताटस्थ्य म्हणता येणार नाही.