‘हा आमच्या घरचा मामला’



पौर्णिमेला विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. हात जोडून आपण काय म्हणतो? ‘दुसऱ्याने हिंसा करू नये’ असे म्हणत नाही. मी हिंसा करणार नाही, मी चोरी करणार नाही, मी खोटे बोलणार नाही, असे म्हणतो. शीलाची सुरुवात ‘मी’पासून होते. हे आधी मनात नीट ठसवून घ्या.

हाच ‘पंचशील’ शब्द पुढे जगाच्या राजकारणात गेला. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयी करार झाला. त्यात पाच तत्त्वे लिहिली गेली : एकमेकांच्या प्रदेशाचा व सार्वभौमत्वाचा आदर, अनाक्रमण, एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे, समानता व परस्परहित, आणि शांततामय सहजीवन. तत्त्वे वाईट नाहीत. पण त्यांत माणूस कुठे आहे? राज्याने राज्याला वचन दिले. राज्याच्या हद्दीत राहणाऱ्या माणसाला कोणी वचन दिले नाही.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी बाबासाहेब राज्यसभेत या विषयावर बोलले. पंचशील हे बौद्ध धर्माचे अंग आहे, आणि माओंचा त्यावर थोडा जरी विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना निराळे वागवले असते, असे त्यांनी बजावले. बाबासाहेबांची कसोटी पाहा. तुम्ही शेजाऱ्याशी काय करार केला हे ते विचारत नाहीत. तुमच्या घरातल्या माणसाला कसे वागवता हे विचारतात. पुढे १९५९ मध्ये दलाई लामांना भारतात आश्रय घ्यावा लागला. १९६२ मध्ये कराराची मुदत संपली आणि त्याच वर्षी युद्ध झाले.

पण चीनला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध संयुक्त राष्ट्रसंघात तक्रार नेली. तेथे राहणाऱ्या हिंदी लोकांना वर्णद्वेषाने वागवले जात होते. दक्षिण आफ्रिकेने उत्तर दिले, हा आमच्या घरचा मामला आहे. राष्ट्रसंघाच्या आमसभेने ते उत्तर मान्य केले नाही. भारताची बाजू न्यायाची होती. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतील निग्रो विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. निग्रो जनतेने राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या आणि अस्पृश्यही तसाच विचार करीत आहेत, असे कळवले. दुःख कोणत्याही देशाचे असो, त्याला बोलण्याचा अधिकार आहे, ही ती दृष्टी.

१९६५ मध्ये राष्ट्रसंघाने वंशभेद नष्ट करण्याचा करार केला. वंश, वर्ण यांच्याबरोबर ‘जन्मकूळ’ हाही भेदाचा एक आधार म्हणून त्यात घातला गेला, आणि तो शब्द भारताच्याच सूचनेवरून आला. १९६८ मध्ये भारताने करार मान्य केला. आणि २००१ साली? दक्षिण आफ्रिकेतल्याच डर्बन शहरी वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. जातीचा प्रश्न तेथे मांडावा म्हणून आपले कार्यकर्ते समुद्र ओलांडून गेले. भारत सरकारने विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असे सांगितले. पंचावन्न वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेच्या तोंडी जे उत्तर होते, ते आता आपल्या तोंडी आले! पुढच्याच वर्षी या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने स्पष्ट केले की जन्मकूळ या शब्दात जातही येते.

जन्मकूळ म्हणजे काय, हे आम्हा देवणीकरांना परक्याने शिकवायला नको. आमच्या गावाचे नाव गोवंशामुळे दूरवर गेले आहे. बाळंक्या, वानेरा, शेवरा हे प्रकार आमची लहान मुलेही ओळखतात. बाजारात गोऱ्हा घेताना माणूस त्याची आई विचारतो, वळू विचारतो, मग दावे धरतो. जनावराच्या बाबतीत हे शहाणपण आहे. पण तोच डोळा माणसावर फिरवायचा? वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी तरुण ब्राह्मणांना हेच समजावले. गवत, झाडे, कीटक, चतुष्पाद प्राणी यांच्यात जातीजातीची जन्मतःच वेगळी लक्षणे असतात. माणसामाणसांत तशी लक्षणे नाहीत. माणूस कर्माने ओळखावा. राष्ट्रसंघाचा करार होण्याच्या सुमारे अडीच हजार वर्षे आधीची ही शिकवण आहे.

आता गावाकडे वळा. कोणाच्या दारावर हल्ला होतो, कोणाची वाट अडवली जाते. १९८९ चा कायदा हाताशी असतो. तक्रारीला निघावे तर चार प्रतिष्ठित येतात आणि म्हणतात, ‘गावचं गावात मिटवू, बाहेर कशाला नेता?’ डर्बनमधला युक्तिवाद आणि पारावरचा युक्तिवाद एकच आहे. ज्याच्या हाती काठी असते त्यालाच हद्द प्रिय असते. मार खाणाऱ्याला मात्र हद्दीबाहेरचा साक्षीदार हवा असतो.

आणि बंधूंनो, आता आपल्या घराकडेही वळा. रात्री शेजारच्या घरातून बाईच्या रडण्याचा आवाज येतो. कोणी विचारायला गेले तर नवरा उंबऱ्यात उभा राहतो : ‘हा आमच्या घरचा मामला आहे.’ गळ्यात निळा रुमाल, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि तोंडी तेच वाक्य! सोयरीक जुळवताना बौद्ध म्हणवून घेणारे आपणच हळूच पोटजात विचारतो. तेव्हा आपण माणूस पाहतो की गोऱ्हा पाहतो? ज्या तोंडाने डर्बनला न्याय मागायचा, त्याच तोंडाने घरात न्याय नाकारायचा, हे शील नव्हे.

लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नाही, ती एकत्र जगण्याची रीत आहे, असे बाबासाहेबांनी शिकवले. ती रीत चुलीपाशी नसेल तर पारावर येणार नाही; पारावर नसेल तर दिल्लीत टिकणार नाही; आणि दिल्लीत नसेल तर जगाच्या सभेत आपण बोललेल्या शब्दाला वजन राहणार नाही.

म्हणून येत्या १० डिसेंबरला, मानवी हक्कांच्या दिवशी, विहारात एकत्र बसा. भाषणे थोडी करा. मात्र एक निश्चय करा : माझ्या घरात, माझ्या वस्तीत अन्याय झाला तर ‘हा आमचा मामला’ म्हणून मी दार लावणार नाही, आणि विचारायला येणाऱ्याला परका म्हणणार नाही. त्या दिवशी पंचशील म्हणताना ‘मी’ हा शब्द जरा मोठ्याने म्हणा.

जयभीम!