अदमास आणि अन्याय

मनुष्याचे बहुतेक आयुष्य निश्चित ज्ञानावर चालत नाही, अदमासावर चालते. उसने दिलेले पैसे परत येतील की नाही, घरी येणारी सून नांदेल की नाही, समोर उभा असलेला इसम खरे बोलतो की खोटे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आपणांस आधी ठाऊक नसते. निर्णय मात्र आधीच घ्यावा लागतो. म्हणून अदमास करणे हा दोष म्हणता येणार नाही. विचार करावयाचा तो एवढाच की, अदमास चुकला असता दंड कोणी भरावयाचा? तो आपणच भरणार असू, तर ती आपली खाजगी बाब झाली. परंतु तो दुसऱ्याच्या माथी बसणार असेल, तर अदमास काळजीपूर्वक करणे हे आपले कर्तव्य ठरते.

आमोस ट्व्हर्स्की व डॅनिएल काह्नेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली 'सायन्स' या नियतकालिकात या विषयावर एक लेख लिहिला. पुढे २००२ साली काह्नेमन यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. संभव ठरविताना मन हिशेब करीत बसत नाही, ते आडवाटेने जाते, असे त्यांनी दाखविले. जे चटकन आठवते ते वारंवार घडत असले पाहिजे, असे मन धरून चालते. आणि जे मनातील साच्यात बरोबर बसते तेच खरे असले पाहिजे, असेही त्यास वाटते. या आडवाटा मूर्खांसाठी राखून ठेवलेल्या नाहीत. शिकले-सवरलेलेही त्यांवरूनच चालतात.

पहिली आडवाट आपल्या नित्य परिचयाची आहे. आमच्या मल्हारगंजात बडा गणपतीचे देऊळ आहे. सुमारे २५ फूट उंचीची ती भव्य मूर्ती अवंतिकेच्या एका भक्तास पडलेल्या स्वप्नातून साकार झाली, असे सांगतात. तेथे ज्याचा नवस फळतो तो प्रसाद घेऊन येतो आणि चार जणांस सांगतो. ज्याचा फळला नाही तो निमूटपणे घरी बसतो. गोव्याकडील देवस्थानांत कौल लावणाऱ्यांचेही तसेच. खरा ठरलेला कौल पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, दुसरा विसरला जातो. रोमन पंडित सिसेरो याने डायागोरस नामक ग्रीकाची एक गोष्ट दिली आहे. वादळातून वाचलेल्यांनी देवास अर्पण केलेली चित्रे कोणी त्यास दाखविली, तेव्हा त्याने विचारले, "जे बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत?" डायागोरस नास्तिक होता, पण त्याचा प्रश्न आस्तिकानेही विचारण्याजोगा आहे. भक्ताची कृतज्ञता खरीच असते. मात्र कृतज्ञता म्हणजे मोजदाद नव्हे, आणि देवळातील कृतज्ञतेने कोणाचे नुकसानही होत नाही.

हीच सवय विवाहाच्या बैठकीत शिरली म्हणजे मात्र नुकसान सुरू होते. लग्नकुंडलीत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिकेस मंगळ आहे असे म्हणतात. म्हणजे १२ पैकी ५ स्थाने झाली. अपवाद व परिहार बाजूस ठेवले तर १०० पत्रिकांत सुमारे ४२ पत्रिका मंगळाच्याच निघावयाच्या. चंद्रापासूनही मंगळ पाहणारे आहेत. त्यांच्या हिशेबाने हा आकडा आणखी वाढतो. तेव्हा कोणत्याही दहा दुःखी घरांत चार ठिकाणी मंगळ सापडला, तर त्यात नवल ते काय? दहा सुखी घरांतही तो तितकाच सापडेल. पण त्या घरांच्या पत्रिका काढून पाहतो कोण? न काढलेल्या त्या पत्रिकांचा दंड नाकारलेली मुलगी भरते.

अशी मोजदाद एकदा पुण्यात झाली. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी २०० पत्रिका जमविल्या. त्यांतील १०० हुशार मुलांच्या व १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या होत्या. पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातील ते सांगावयाचे होते. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून उत्तरे पाठविली. सरासरी यश शेकडा ४६ आले. एका संस्थेने सर्व २०० पाहिल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. सर्वांत यशस्वी ज्योतिषाची ४० पैकी २४ बरोबर होती. हा एकच गृहस्थ आपल्या ओळखीचा असता, तर त्याची कीर्ती आपण गावभर केली असती. वस्तुतः २७ जणांस नुसते नाणे उडवावयास बसविले, तरी एखाद-दुसऱ्यास २४ सहज साधतील. या परीक्षेत एकच दावा तपासला गेला हे खरे. पण तो तपासला गेला, आणि मोजून तपासला गेला.

दुसरी आडवाट आम्हां वकिलांच्या अधिक परिचयाची आहे. कल्पना करा की, एका गावात २० चोर पकडले गेले आणि त्यांतील १० एकाच वस्तीचे निघाले. लोक म्हणतात, "निम्मे चोर तिथलेच!" पण त्या वस्तीत २,००० माणसे राहत असतील, तर चोर २०० मध्ये एकच झाला. वस्तीचे नाव ऐकून संशय घेणारा १९९ निरपराध्यांवर अन्याय करतो. 'चोरांत त्या वस्तीचे किती' आणि 'त्या वस्तीत चोर किती' हे दोन प्रश्न अगदी भिन्न आहेत. मन मात्र पहिल्याचे उत्तर दुसऱ्यास चिकटवून मोकळे होते. ही चूक एकदा प्रत्यक्ष कायदाच बनली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व त्याच्या पुढील आवृत्त्यांनी पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. लोकांच्या मनातील शिक्का तितक्या लवकर पुसला गेला नाही.

कायद्याला दुसरे, अधिक शहाणे अंगही आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात एखादी गोष्ट 'शाबीत' केव्हा मानावी हे सांगताना संभवाचाच आधार घेतला आहे, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तीच कसोटी ठेवली आहे. न्यायालयास ती गोष्ट खरी वाटली पाहिजे, किंवा विवेकी मनुष्याने जिच्या भरवशावर वागावे इतकी ती संभवनीय वाटली पाहिजे. संभव तोलताना माप धरावयाचे ते विवेकी मनुष्याचे. आणि विवेकी मनुष्य जे समोर आले नाही त्याचीही चौकशी करतो.

न्यायासनावर आपण सारेच बसत नाही. परंतु देवळाच्या ओसरीवर, लग्नाच्या बैठकीत, शेजाऱ्याविषयी बोलताना आपण दररोज निकाल देत असतो, आणि तेथे प्रतिपक्षाचा वकील हजर नसतो. निदान तेथे दोन प्रश्न आपणच आपणांस विचारावेत: माझ्यापुढे जे आले नाहीत ते किती? आणि मी चुकलो, तर भरणार कोण? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'मी नव्हे' असे येत असेल, तर पहिल्याचे उत्तर हाती येईपर्यंत निकाल तहकूब ठेवणे हाच धर्म होय.