जट : देवीची खूण आणि तेल-फणीची बंदी

टाळूच्या ग्रंथींतून पाझरणारा तेलकट स्राव सरळ केसावरून सहज खाली उतरतो. कुरळ्या केसावर तो मुळाशीच अडतो आणि टोके कोरडी राहतात. अशा केसाचा छेद गोल नसून चपटा असतो. वळणावळणाला त्याच्या वरच्या आवरणाचे खवले किंचित उचललेले असतात आणि शेजारचा केस त्यांत अडकतो. माणसाच्या डोक्यावरून रोज 50 ते 100 केस गळतात. विंचरणे चालू असेल तर ते फणीत येतात. नसेल तर डोक्यातच राहून बाकीच्यांना गुरफटतात. बाळंतपणात किंवा लांबलेल्या तापात महिनाभर डोक्याला पाणी, तेल, फणी काहीच लागले नाही, की मानेच्या वर सुपारीएवढी गाठ धरते. सरळ केसांतही ती होते, कुरळ्यांत लवकर होते. भरपूर खोबरेल जिरवून, टोकाकडून मुळाकडे बोटांनी थोडे थोडे सोडवत गेले तर एवढी गाठ एका बैठकीत मोकळी होऊ शकते. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात मात्र ती पुष्कळदा कोणी सोडवायला घेत नाही, कारण तोवर घरातले किंवा शेजारचे कोणीतरी म्हणून गेलेले असते, ‘देवीची जट आली.’

ही देवी बहुधा बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीची यल्लम्मा, म्हणजेच रेणुका. जट येणे म्हणजे देवीचे बोलावणे, अशी समजूत. मग जटेला हळद-कुंकू लागते, भंडारा लागतो, मंगळवार-शुक्रवार पाळले जातात. जट कापली तर घरात कोणी दगावेल, बाईला वेड लागेल, ही भीती बरोबरच येते. लहान मुलीच्या डोक्यात जट निघाली तर तिला देवीला सोडण्याला ते एक कारण पुरे होई. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 साली, कर्नाटकात 1982 साली आणि महाराष्ट्रात 2005 साली कायदे झाले. कायद्याने मुलगी सोडण्यावर बंदी आली. जटेचे भय त्याने जाण्यासारखे नव्हते.

या श्रद्धेची बांधणी तपासण्यासारखी आहे. जट देवीची असल्याचा पुरावा काय, तर ती आपोआप वाढते. पण जट ओळखली गेली की पहिला नियम लागू होतो तो तेल-फणी बंद करण्याचा, आणि तेल-फणी बंद झाल्यावर ती वाढणारच. ज्या एका गोष्टीने दाव्याची परीक्षा झाली असती, तीच दाव्याने निषिद्ध ठरवलेली असते. कापल्यावर होणाऱ्या अनिष्टाचेही तसेच. मोठ्या कुटुंबात वर्षभरात कोणी ना कोणी आजारी पडतेच. जट असताना कोणी आजारी पडले तर ते जटेच्या खाती मांडले जात नाही.

श्रद्धावंताकडे यावर उत्तर आहे आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. ताप आला, केस कोरडे पडले, गुंता झाला हे सगळे मान्य; पण हे सारे देवीनेच घडवले, असे तो म्हणू शकतो. कारण सापडले म्हणून कर्ता नाहीसा होत नाही, हे तर्काला धरून आहे. अडचण पुढच्या पायरीवर येते. जट देवीची, एवढ्यावरून तिला तेल लावू नये हे निघतेच कसे? देवाचे म्हणून जे काही असते त्याची निगा इथे अधिकच राखली जाते. मूर्तीला रोज स्नान असते, अलंकार असतात, कित्येक देवळांत अभ्यंगही असते. बाईच्या डोक्यावरच्या ‘देवी’ला तेवढे पाण्यावाचून ठेवायचे, हा नियम पूजाविधीशीही जुळत नाही.

तो बहुधा वैराग्याच्या आचारातून इकडे उतरला असावा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याला मुंडण करण्याची किंवा जटा राखण्याची मुभा आहे आणि अंगाला तेल लावण्याची मनाई आहे. उलट चरकसंहितेत डोक्याला रोज तेल लावणे हा आरोग्याचा भाग. त्याने केस गळत नाहीत, अकाली पिकत नाहीत असे तिथे म्हटले आहे. या दोन सांगण्यांत विरोध नाही, कारण पहिला नियम व्रत घेतलेल्यासाठी होता. जटेने गाठलेली बाई व्रत घेत नाही. ती शेतात राबते, चूल सांभाळते, संसार करते. संन्यासाचे कष्ट तेवढे तिच्या डोक्यावर येतात. शिवाय वैराग्याची खूण म्हणूनही जटेचे महत्त्व सर्वांना मान्य नव्हते. आत गुंता तसाच असताना बाहेर जटा वाढवून काय उपयोग, असा सवाल धम्मपदात आहे.

केस पवित्र मानायचे आणि तरी त्यांची निगा राखायची, याची सर्वांत स्वच्छ मांडणी शीख परंपरेत दिसते. केस कापायचे नाहीत, पण कंगवाही जवळ ठेवायचा. पाच ककारांत केशाबरोबर कंघा आहे. जमैकातले रास्ताफारी पंथाचे लोक बायबलातल्या नाझीर व्रताचा आधार घेऊन केसांना वस्तरा लावत नाहीत. त्यांच्यातल्या अनेकांचे केस अतिशय कुरळे, आणि त्यांच्या जटा दाट, पण धुतलेल्या. जट असणे आणि जट मळकट, जड, उवांनी भरलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जट काढण्याची अशीच भीती युरोपातही होती. पोलंडमध्ये केसांच्या अशा गुंत्याला हात लावला तर अंधत्व किंवा वेड येते असे लोक मानत. शरीरातला रोग त्या वाटेने बाहेर पडतो, अशी त्यामागची कल्पना. एकोणिसाव्या शतकात क्राकूवचे डॉक्टर युझेफ डीट्ल, जे पुढे त्या शहराचे महापौर झाले, त्यांनी हा स्वतंत्र रोग नसून अस्वच्छतेचा परिणाम आहे असे ठामपणे मांडले. तिथे जटेत देवी नव्हती, भीती मात्र हुबेहूब तीच होती.

तरीही सगळा प्रश्न अज्ञानाचा म्हणून निकालात निघत नाही. मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयेसेकेरे यांनी ‘मेडुसाज हेअर’ (1981) या पुस्तकात श्रीलंकेतल्या जटाधारी स्त्रियांच्या कहाण्या तपासल्या. त्यांत दुःखाला मिळालेला अर्थ आहे, घरात-समाजात मिळालेला अधिकारही आहे. उत्तर कर्नाटकात अभ्यास केलेल्या ल्युसिंडा रॅम्बर्ग यांनी सुधारकांच्या जट कापण्याच्या मोहिमांवरच टीका केली. जट केवळ घाण मानली की बाईचे तिच्या देवीशी असलेले नाते मोजलेच जात नाही, असे त्यांचे म्हणणे. आक्षेपात तथ्य आहे, पण मान दुखते, टाळूला जखमा होतात, आणि भीतीपोटी ठेवलेली जट निवडलेली म्हणता येत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या, पुण्याच्या नंदिनी जाधव त्यांपैकीच, म्हणूनच आधी बाईशी आणि घरच्यांशी बोलतात; कात्री नंतर येते.

जट काढताना सहसा मुंडण करावे लागत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे जुन्या जटेच्या मुळाशी नव्या केसांचा मोकळा पट्टा असतो. कात्री तिथे चालते आणि बोटभर केस उरतात. कुरळे असतील तर ते कोरडे विंचरू नयेत, तुटतात. ओले असताना रुंद दातांच्या फणीने टोकापासून सुरुवात करावी आणि धुण्याआधी खोबरेल लावावे. हे तेल केसाच्या आत शिरते आणि प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईच्या संशोधकांनी 2003 साली प्रयोगाने दाखवले आहे.