दोन चांगल्यांतून एक

बारावीचे निकाल लागले म्हणजे आपल्या घराघरांतून एक प्रश्न फिरू लागतो. विज्ञानाची आवड असलेल्या मुलाला वा मुलीला पदवीसाठी कोठे पाठवावे? पुण्या-मुंबईत काय, अथवा इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली अशा ठिकाणी स्थिरावलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत काय, चर्चा साधारण एकाच वळणाने जाते. शुल्क किती, वसतिगृह मिळेल का, घरापासून अंतर किती, नाव किती मोठे, पुढे नोकरी लागेल का. हे सर्व विचारात घ्यावयास हवेच. तथापि ह्या प्रश्नाला एक नैतिक बाजूही आहे आणि तिचा विचार व्यवहाराच्या गर्दीत राहून जातो. त्या बाजूविषयी येथे थोडे लिहावयाचे आहे.

'निवडणे' हे क्रियापद आपण मराठीत दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरतो. गृहिणी तांदूळ निवडते तेव्हा ती खडे वेगळे काढून टाकते. तेथे एक गोष्ट खाण्याजोगी असते व दुसरी नसते. तीच गृहिणी दुकानात दोन चांगल्या साड्यांतून एक निवडते तेव्हा मागे राहिलेली साडी खडा ठरत नाही. भाषांतराच्या कामात हा भेद रोज भेटतो. मूळ शब्दाला न जुळणारा प्रतिशब्द बाजूला काढणे हे पहिल्या प्रकारचे निवडणे झाले, व त्यासाठी ज्ञान पुरते. परंतु दोन प्रतिशब्द सारखेच खरे असतात तेव्हा एक घेतला की दुसऱ्याची छटा हरवते. मग शब्दकोश मदतीला येत नाही. हे कोण वाचणार, कशासाठी वाचणार, हे स्वतःला विचारावे लागते आणि केलेल्या निवडीची जबाबदारी स्वतःच घ्यावी लागते.

विद्यापीठाच्या निवडीतही हे दोन टप्पे आहेत, आणि आपण ते एकमेकांत मिसळतो. प्रथम खडे वेचावेत. संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेची आहे काय? आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करीत असतो. ती पाहण्यास फार वेळ लागत नाही. प्रयोगशाळा खरोखर चालू आहे काय? शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत काय? ह्या प्रश्नांची उत्तरे 'होय' किंवा 'नाही' अशी मिळतात. खडे निघून गेल्यावर जे उरते ते सर्व चांगलेच असते, आणि खरा पेच तेथून पुढे सुरू होतो.

आज तो पेच पूर्वीपेक्षा मोठा आहे. एके काळी विज्ञानाची पदवी म्हणजे जवळच्या महाविद्यालयाची बी. एस्सी. असे समीकरण होते. २००६ साली पुणे व कोलकाता येथे आयसर संस्था सुरू झाल्या. पुढे मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती व बेऱ्हमपूर येथेही त्या निघाल्या. त्यांचा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम संशोधनाकडे नेणारा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०११ साली चार वर्षांची पदवी सुरू केली. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षा आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांच्या पदवीला चौथ्या वर्षाची जोड मिळाली. समजा, नगर जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकाच्या मुलीला आयसरमध्ये जागा मिळते, मोठ्या शहरातील जुन्या ख्रिस्ती महाविद्यालयातही मिळते, आणि गावाजवळचे महाविद्यालय तर आहेच. तिने काय करावे?

"सर्वांत नावाजलेले असेल ते घ्यावे," असे उत्तर चटकन येते. परंतु नाव कशाचे असते ते पाहणे अगत्याचे आहे. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास ही विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. परीक्षा घेणे व पदवी देणे हे त्यांचे काम. शिकविणे हे संलग्न महाविद्यालयांचे काम. ही रचना पुढे पुष्कळ बदलली, तरी पदवीपूर्व शिक्षणाच्या बाबतीत तिचा ठसा आजही टिकून आहे. पदवीच्या कागदावर विद्यापीठाचे नाव असते, परंतु विद्यार्थ्याचे तीन-चार वर्षांचे आयुष्य एका महाविद्यालयात, त्यातही एका विभागात जाते. केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. तिच्यात अध्यापन व साधने, संशोधन, विद्यार्थ्यांची निष्पत्ती, सर्वसमावेशकता आणि लोकमत अशा पाच अंगांचे गुण एकत्र केलेले असतात. ती माहिती उपयुक्त आहे. परंतु रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एका ब्युरेटपाशी किती मुले उभी राहतात हे त्या बेरजेतून कळत नाही. ते तेथे जाऊन पाहावे लागते, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे लागते.

व्यंकटरामन रामकृष्णन यांना २००९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी पदार्थविज्ञानातील पदवी १९७१ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून घेतली. पुढे अमेरिकेत त्याच विषयात डॉक्टरेट मिळविल्यावर ते जीवशास्त्राकडे वळले आणि पेशीतील रायबोसोमच्या रचनेवरील कामाने कीर्तिमान झाले. हे उदाहरण देऊन "संस्थेला महत्त्व नाही, मुलाला महत्त्व आहे," असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. रामकृष्णन यांचे आईवडील दोघेही शास्त्रज्ञ होते. घरातच विज्ञानाचे वातावरण होते. शिवाय त्या काळी बडोद्याच्या पदार्थविज्ञान विभागाने नव्या धर्तीचा अभ्यासक्रम अंगीकारला होता. म्हणजे स्थळाला महत्त्व होतेच, पण ते नावलौकिकाच्या क्रमाने नव्हे. तेथे प्रत्यक्ष काय शिकविले जात होते, ह्याला महत्त्व होते. ज्या घरात विज्ञानाचे वारे नाही, त्या घरातील मुलाला तर चांगल्या ग्रंथालयाची, वेळ देणाऱ्या शिक्षकाची व अभ्यासू सोबत्यांची गरज अधिकच असते. म्हणून "हुशार मूल कोठेही चमकते," हे वाक्य गरिबाच्या मुलाच्या बाबतीत फार जपून उच्चारावे.

आता निवडीचा भार कोणावर पडतो ते पाहू. एका मुलाच्या शिक्षणावर घरची शिल्लक खर्च झाली म्हणजे धाकट्याच्या वाट्याला काय उरते, हा हिशेब पुष्कळ आईबाप मनातच करतात व मुलांपासून लपवितात. हेतू प्रेमाचा असतो, परंतु परिणाम चांगला होतोच असे नाही. ज्याला किंमत ठाऊक नाही त्याला निवड करता येत नाही. तो केवळ मागणी करतो. आईबापांनी पैशाची खरी स्थिती सांगावी आणि मुलाने आपल्या आवडीची खरी स्थिती सांगावी. जिवलग मित्र जातो म्हणून जावयाचे असेल तर "मला संशोधनाची ओढ आहे," असे म्हणू नये. दोन्ही बाजूंनी सत्य बोलले गेले तर पुष्कळ पेच चर्चेतच सुटतात. मर्यादा घालण्याचा अधिकार आईबापांना आहे. त्या मर्यादेच्या आत कोणते जीवन जगावयाचे हे मात्र मुलाने ठरवावे, कारण ते जगावयाचे त्याला आहे.

घरातील न्यायाचा आणखी एक भाग आहे. मुलाला दूर पाठविणारे आईबाप मुलीला "जवळचेच बरे" म्हणतात. काळजी खरी असते, हे नाकारता येत नाही. परंतु काळजीचे माप मुलाला एक व मुलीला एक असे झाले म्हणजे ती काळजी राहत नाही, पक्षपात होतो. कमला सोहोनी यांचा जन्म १९११ साली इंदूरच्या मराठी घरात झाला. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन त्या १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह सोडला नाही. अखेर एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. संस्थेचे दार बंद होते, परंतु घरचे दार उघडे होते म्हणून त्या तेथवर पोहोचल्या. आज संस्थांची दारे उघडी आहेत. ती पुन्हा घरात बंद होऊ नयेत.

निवडीचा भार घराबाहेरही पडतो, आणि त्याचा विचार आपण सर्वांत कमी करतो. पुष्कळ विद्यार्थी दोन-तीन ठिकाणी प्रवेश घेऊन ठेवतात व शेवटच्या दिवसापर्यंत कोणतीच जागा सोडत नाहीत. प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत देण्याविषयी आयोगाचे नियम आहेत. त्यामुळे खिशाला फारसा फटका बसत नाही. नियमाने यात काही गैर नाही. परंतु प्रतीक्षायादीत पहिल्या क्रमांकावर असलेला कोणी विद्यार्थी ह्या काळात निराश होऊन दुसरीकडे जातो, किंवा शिक्षणच सोडून कामाला लागतो. तो आपल्याला दिसत नाही, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, म्हणून त्याचे नुकसान लहान होत नाही. जी जागा घ्यावयाची नाही असे मनाशी ठरले, ती त्याच दिवशी सोडावी. कायदा महिनाभराची मुभा देत असला तरी सदसद्विवेकबुद्धी तेवढी देत नाही.

हीच गोष्ट राखीव जागांची. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयाच्या गाजलेल्या खटल्यात आपल्या समाजाच्या उमेदवारांसाठी काही जागा ठेवण्याचा अशा संस्थांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. त्या जागेवर प्रवेश घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. तथापि हा हक्क समाजाला मिळालेला आहे, एकेका सुखवस्तू कुटुंबाला नव्हे. शहरात शिकवणी लावून उत्तम गुण मिळविलेल्या मुलाला सर्वसाधारण यादीतून प्रवेश मिळत असेल, तर त्याने त्याच यादीतून जावे. मागे खेड्यातील शेतमजुराची पहिली शिकणारी मुलगी उभी असू शकते. आणि ज्याने ती जागा घेतली त्याने ती समाजाची ठेव समजून अभ्यास करावा.

आपल्या घरांतून ह्या निर्णयासाठी प्रार्थना होते, आणि ती व्हावी. परंतु एका सवयीविषयी सावध राहणे बरे. आधी मनात निर्णय घ्यावयाचा, मग त्यावर "ही देवाची इच्छा" असा शिक्का मारावयाचा आणि पुढे कोणी प्रश्न विचारला की श्रद्धेला धक्का लागला असे समजावयाचे. ज्या निर्णयाची चौकशी आपण टाळली, त्याची जबाबदारी देवावर टाकणे ही श्रद्धा नव्हे. बुद्धी, वडीलधाऱ्यांचा अनुभव, शिक्षकांचा सल्ला आणि हिशेबाची वही हीदेखील त्याचीच दाने आहेत. ती वापरून मग नम्रपणे मागावे.

आणि निवड झाल्यावर? दोन चांगल्यांतून एक घेतले की दुसरे सुटतेच. पहिल्या सत्रात गुण कमी पडले की ते सुटलेले अधिक सुंदर दिसू लागते, कारण त्या वाटेवरचे खडे आपल्या पायांना बोचलेले नसतात. पश्चात्ताप चुकीच्या कृत्याचा करावयाचा असतो. प्रामाणिकपणे केलेल्या निवडीत काही गमावले तर त्याचे दुःख व्हावे, परंतु त्याला पाप समजू नये. अर्थात विषय खरोखरच झेपत नसेल किंवा संस्था शब्द पाळत नसेल, तर मार्ग बदलण्यातही कमीपणा नाही.

ज्यांच्यापुढे एकच दार आहे अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना हा सारा पेच श्रीमंतांचा वाटेल. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की निवडीचा मोठा भाग प्रवेशानंतर सुरू होतो: प्रयोग स्वतः करावयाचा की शेजाऱ्याचे निरीक्षण उतरवून घ्यावयाचे, न समजलेले विचारावयाचे की पाठ करावयाचे, ग्रंथालयात बसावयाचे की नाही. हे निर्णय गावाजवळच्या महाविद्यालयातही रोज घ्यावे लागतात आणि आयसरमध्येही.

त्या शिक्षकाच्या मुलीने काय करावे, हे बाहेरच्या माणसाने सांगू नये. तिला संशोधनाची खरी ओढ असेल, तिच्या भावंडांचा वाटा बुडत नसेल आणि शिष्यवृत्तीने किंवा मंडळीच्या मदतीने खर्च भागत असेल, तर दूर जाण्याचे भय तिने व तिच्या आईबापांनी बाळगू नये. तसे नसेल तर जवळच्या महाविद्यालयात तिने ताठ मानेने जावे. कोणताही निर्णय झाला तरी उरलेल्या दोन जागा तिने त्याच आठवड्यात मोकळ्या कराव्यात. त्यांची वाट पाहणारे कोणीतरी आहे.